सायकलवरून सोलापूर: गिरण्या, माग आणि मागच्या गल्ल्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रविवारी सकाळी सायकल काढून शहराच्या पूर्व भागात, गिरण्यांच्या चाळींकडे किंवा होटगीच्या बाजूला जाऊन आलं की भेटेल तो काहीतरी विचारतो. पाहुणे विचारतात, पुण्याहून येणारे सायकलवाले विचारतात, आणि जन्म सोलापुरात काढलेले लोकही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सोलापुरात सायकलवर बघण्यासारखं आहे तरी काय? किल्ला, तलाव, सिद्धेश्वर झालं की संपलं की!

सोलापूर हे कामावर उभं राहिलेलं शहर आहे, आणि ते काम अजून संपलेलं नाही. फक्त जागा बदलली. आधी ते मोठ्या गिरण्यांच्या भिंतींआड होतं. गिरण्या गेल्या तसं ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तळमजल्यावरच्या खोलीत, एमआयडीसीच्या प्लॉटवर आलं. गिरणगाव म्हणजे सगळं मेलेलं, पडझड झालेलं, अशी समजूत घेऊन येणारे लोक साखर पेठेतल्या गल्लीत शिरले की गप्प होतात, कारण खटाखटीत बोललेलं ऐकूच येत नाही.

ज्याला हे शहर समजून घ्यायचंय त्याने दोन्ही बघावं: जिथून काम गेलं ती जागा, आणि जिथे गेलं ती जागा. दोन्हींमध्ये सायकलने पाऊण तासाचंही अंतर नाही.

मग मोटारसायकलवर का नको?

इंजिनाच्या आवाजात माग ऐकू येत नाहीत. कारण एवढंच आहे, पण ते पुरेसं आहे. शिवाय पूर्व भागातल्या गल्ल्या अरुंद, मधे सुताच्या गाठोड्यांची हातगाडी उभी, दारात पाण्याचे पिंप. सायकल उचलून कडेने काढता येते. आणि सायकलवाल्याला लोक सहज थांबवून विचारतात, "काय पाहिजे ओ?" मोटारसायकलवाला वसुलीला आलाय की काय, असा संशय आधी येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

चार पुतळ्यापासून, म्हणजे चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत त्या चौकातून. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं, हे सोलापूरच्या शाळेतलं पोर सांगेल. पण मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते, हे पाठ्यपुस्तकातल्या फोटोत दिसत नाही. ते डोक्यात ठेवून पुढे गेलं तर पुढचा रस्ता वेगळा वाटतो.

तिथून किल्ल्याच्या तटाला धरून निघा, महापालिकेच्या आवारातलं इंद्रभुवन बघा. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेला हा वाडा. कापसाच्या आणि गिरणीच्या पैशात सोलापूर एकेकाळी काय होतं, ते त्याच्या दगडी नक्षीत उघड दिसतं. मग स्टेशनच्या बाजूला वळा आणि भैय्या चौकात या. इथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारा, तिथेच 1942 मध्ये गेलेला हा डॉक्टर 1910 साली सोलापुरात जन्मला. चिनी पाहुणे सोलापुरात येतात ते त्यांच्यासाठी. गंमत म्हणजे कितीतरी सोलापूरकरांनी हे स्मारक आतून बघितलेलं नाही.

भैय्या चौकातून मुरारजी पेठ, नरसिंग गिरजी मिलची बाजू, लक्ष्मी-विष्णूच्या चाळी आणि जुन्या मिलचं कंपाऊंड हे सगळं एका फेरीत होतं. घाई करू नका. चाळीतल्या ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांना "बाबा, तुम्ही कुठल्या खात्यात होता?" एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास तुमचा नाही. स्पिनिंग, वायंडिंग, वीव्हिंग, फोल्डिंग, सगळी खाती ते बोटांवर मोजतात. भोंगा किती वाजता व्हायचा हेही. पाळीच्या भोंग्यावर पूर्वी अर्धं शहर उठायचं.

एवढ्या गिरण्या इथेच का आल्या?

आजूबाजूला कापूस होता, पेठेत पिढीजात विणकर होते, आणि 1860 साली मुंबईहून रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली. मुंबईचे कापड व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली आणि 1877 साली गिरणी सुरू झाली. तीच आपली 'जुनी मिल'. साल लक्षात घ्या: 1876 ते 78 हा दख्खनचा भीषण दुष्काळ. खेड्यातून उपाशी माणसं शहराकडे येत होती आणि इथे गिरणीला हात हवे होते. त्यानंतर नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी, मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू आणि जाम.

जुन्या मिलची एक गोष्ट वकील लोकांना जास्त माहीत असते. 1949 मध्ये गिरणी बंद पडली, 1950 च्या जानेवारीत सरकारने अध्यादेश काढून कारभार हातात घेतला आणि एका भागधारकाने त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. समानतेचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क शिकवताना देशभरच्या लॉ कॉलेजांत आजही 'शोलापूर मिल'चे खटले शिकवतात. ज्या कंपाऊंडवरून हे सगळं घडलं तिथे आज घरं, अपार्टमेंट आणि किराणा दुकानं आहेत. "ती ही जागा" असं सांगितलं की कायद्याची पोरं हमखास सेल्फी काढतात.

बंद गिरणीच्या आत जाता येतं का? भिंत पडलीय, सगळे जातात म्हणे.

जाऊ नका. जमिनींचे वाद कुठे न कुठे चालू असतात, पहारेकरी असतो, आणि त्याची नोकरी तुमच्या एका व्हिडिओने जाऊ शकते. त्याखेरीज उघड्या टाक्या, कुजलेले लाकडी वासे, गवतात साप. बाहेरून पुष्कळ दिसतं. जिथे जुनं छप्पर अजून उभं आहे तिथे त्याचा करवतीसारखा दातेरी आकार बघा. काचेची बाजू उत्तरेला काढायचे, म्हणजे दिवसभर सारखा उजेड मिळायचा आणि ऊन थेट सुतावर पडायचं नाही. वीज महाग आणि सूत नाजूक असतानाची ही अक्कल.

रेल्वेच्या हद्दीचंही तेच. रूळ ओलांडून सायकल काढणं, यार्डात शिरणं हा रेल्वे कायद्यातल्या कलम 147 खाली गुन्हा आहे. फाटक किंवा पूल वापरा.

पूर्व भाग म्हणजे नेमका कुठला, आणि तिथे काय बघायचं?

कन्ना चौक, साखर पेठ, जोडबसवण्णा चौक, अशोक चौक, दाजी पेठ, पुढे कुचन नगर, कर्णिक नगर आणि मग अक्कलकोट रोडची एमआयडीसी. नकाशावर रेघ मारायला जाल तर वाद होईल, पण सायकलवर कळतं: दुकानांच्या पाट्यांवर मराठीशेजारी तेलुगू दिसायला लागली, दारातली आजी नातवाला तेलुगूत रागावतेय असं ऐकू आलं की समजा पोचलात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या इथे नांदल्या. घरात तेलुगू, पेठेत मराठी, आणि कानडी-हिंदी तर सगळ्यांनाच येते.

शक्य असेल तर नारळी पौर्णिमेला या, मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. किंवा दसऱ्याआधी, संध्याकाळी बायका बतकम्माभोवती, म्हणजे फुलांच्या रचलेल्या उतरंडीभोवती, फेर धरतात तेव्हा. मात्र त्या दिवशी सायकल लांब लावून चालतच जा.

सकाळी साडेसहा-सातला गल्ल्या सर्वांत चांगल्या असतात. रात्रपाळीचा माणूस घरी निघालेला, दिवसपाळीचा चहाच्या टपरीवर, आणि हातगाडीवर बीम चाललेला. बीम म्हणजे उभ्या ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेला जाडजूड रूळ. तो आला की बाजूला व्हा, कारण हातगाडीवाल्याला ब्रेक नसतो.

चालू माग आत जाऊन बघता येईल का?

विचारलं तर बहुतेक ठिकाणी येतं. दारात उभं राहून आधी नजर द्या, आतल्याने मान हलवली की चप्पल-बूट जपून आत. माग चालू असताना कोणी बोलत नाही, खुणा करतात. मोकळी ओढणी, लोंबता पट्टा, गळ्यातला कॅमेरा हे सगळं आवरा. पट्ट्यात अडकायला क्षण लागत नाही.

आत गेल्यावर काय बघायचं ते माहीत असेल तर मजा वेगळी. चादरीच्या मागावर वर मान करा. जकार्डची यंत्रणा असते आणि जुन्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून फिरत असते. पुठ्ठ्यात भोक आहे की नाही यावर ठरतं की ताण्यातला कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा. मोर, फुलं, वेलबुट्टी सगळं त्या भोकांत लिहिलेलं. खाली धोटा इकडून तिकडे जातो, त्यात बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी. कांडी संपली की माग थांबवून दुसरी घालायची, धागा तुटला की गाठ मारायची. एक माणूस दोन किंवा अधिक माग एका वेळी कसे सांभाळतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

टॉवेलचा माग बघाल तर त्याला ताण्याचे दोन बीम दिसतील. एक घट्ट ताणलेला, तो टॉवेलचा पाया. दुसरा सैल सोडलेला, त्याचे फास वर उभे राहतात आणि तेच पाणी शोषतात. हे समजल्यावर अंग पुसताना टॉवेलकडे बघितलं जातंच.

जमीन ओली दिसली तर आश्चर्य करू नका. सोलापूरची हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत सुती धागा पटपट तुटतो, म्हणून पाणी मारतात. सायझिंगच्या शेडमध्ये धाग्याला खळ लावून वाळवतात. तिथल्या वाफेला शिजलेल्या स्टार्चचा वास येतो, तो दिवसभर कपड्यांना राहतो.

दहा मिनिटांत बाहेर या. त्यांची मजुरी कामावर असते, तुमच्याशी बोलण्यावर नाही.

एमआयडीसीत फिरताना काही वेगळी काळजी?

गेटसमोर सायकल लावू नका, एक मिनिटासाठीही नाही. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जण गेले. त्यात तिथेच राहणारे लोक होते. कारखान्याच्या आवारातच संसार असणं ही इथली जुनी रीत, म्हणून गेटमधून आत-बाहेर जायची वाट कायम मोकळी पाहिजे. त्या घटनेबद्दल कामगारांना खोदून विचारत बसू नका. कोणी आपणहून बोललं तर ऐका.

विडी कामगारांचा भाग दाखवा, असं पाहुणे म्हणतात. न्यावं का?

'दाखवा' असं म्हणून नेऊ नये. पूर्व भागातून जाताना दारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाया दिसतातच. भिजवलेलं तेंदूचं पान साच्याने कापायचं, त्यात जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडायचं. मजुरी हजार विड्यांवर. त्यामुळे हात थांबवून तुमच्याशी बोलणं म्हणजे पैशाचं नुकसान. नमस्कार करून पुढे जावं. कोणी "या, बसा" म्हटलं तर बसावं, आणि तेव्हाही हातावर कॅमेरा रोखू नये.

त्यांच्या घरांची गोष्ट बघायची असेल तर कुंभारीकडे सायकल काढा, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला. माकपचे नेते कॉम्रेड नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, 2006 मध्ये विडी कामगार बायकांना मिळाली. त्याच बाजूला रे नगर, तीस हजार घरांची योजना, ज्यातल्या पंधरा हजारांचं वाटप जानेवारी 2024 मध्ये झालं. माळरानावर एकाच आकाराची घरं क्षितिजापर्यंत. दारांचे रंग आणि कुंड्या मात्र प्रत्येकीच्या वेगळ्या.

'सेटलमेंट' म्हणतात ते काय?

ब्रिटिशांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. आत-बाहेर जायला परवानगी, हजेरी. त्यांच्यापैकी अनेकांना गिरण्यांमध्ये कामाला लावलं होतं, म्हणजे गिरणगावाच्या इतिहासात हे पान येतंच. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. वस्तीचं नाव मात्र लोकांच्या तोंडी सेटलमेंटच राहिलं. ओळखीचं कोणी असेल तर त्याच्याबरोबर जा. नुसतं कुतूहल म्हणून सायकलींची रांग घेऊन जाऊ नका. पिढ्यान् पिढ्या त्यांच्यावर नजर ठेवली गेली आहे, आपण आणखी नको.

शहराबाहेर कारखाने बघायचे तर कुठली बाजू?

होटगी. पंधरा किलोमीटरच्या आसपास, रस्ता बहुतेक सपाट. वाटेत कुमठ्याचा सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. त्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं, शेवटी जून 2023 मध्ये ती पाडली, आणि 2025 मध्ये विमानं सुरू झाली. चिमणी असावी की विमान, यावर सोलापुरात अजूनही कुठल्याही टपरीवर दोन तट पडतात. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंच्या लोकांनी चहा मला पाजलेला आहे, तेव्हा मी बोलणार नाही.

पुढे सिमेंटचे कारखाने, त्यांच्या मालगाड्या आणि होटगी जंक्शन. विजापूर-गदगकडे जाणारा फाटा इथून फुटतो. पूर्वी तो मीटरगेज होता. लांबवर एनटीपीसीच्या औष्णिक केंद्राची धुरांडी दिसतात, 660 मेगावॉटचे दोन संच. विमानतळ आणि वीजकेंद्राजवळ ड्रोन काढायचा विचारही नको.

नोव्हेंबर ते मार्च गाळप हंगाम असतो. उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध, मागे लाल दिवा असेलच असं नाही. अंधारात या रस्त्यावर सायकल नको.

कारखाने नकोत, जरा मोकळी हवा पाहिजे असेल तर?

हिप्परगा. तुळजापूर रस्त्याला, आदिला नदीवरचा एकरुख तलाव. तोही एका अर्थाने कारखानदारीचाच भाग: इंग्रजांनी बांधलेलं मातीचं धरण, 1871 मध्ये पूर्ण झालेलं, शेती आणि शहर दोघांच्या पाण्यासाठी. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. बांधावर सायकल हातात धरून चाला.

सायकल कुठली लागते? गिअरची पाहिजेच का?

नाही. चढ फारसे नाहीतच. जुनी काळी दांडीची सायकल उत्तम, तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. फार पातळ टायर मात्र नकोत: डांबराच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. एक जादा ट्यूब, हातपंप आणि पान्हा बरोबर ठेवा. पावसाळ्यात पायवाटेवर उतरू नका. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरणं बंद होतं, मग सायकल खांद्यावर.

मागाच्या गल्ल्यांतून आल्यावर साखळी जड का होते?

सूत. रस्त्यावर पडलेले धाग्यांचे तुकडे फ्रीव्हीलमध्ये आणि हबमध्ये गुंडाळले जातात, तेलाबरोबर घट्ट बसतात. ओढत बसू नका, ब्लेडने कापून चिमट्याने काढा. पूर्व भागातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याला नुसतं चाक दाखवा, तो तुमच्याआधी चिमटा काढतो.

ऊन?

मार्चपासून जूनपर्यंत सहाला निघून नऊच्या आत घरी. मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत जातो, तेव्हा दुपारी सायकल म्हणजे स्वतःशी वैर. सर्वांत चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फक्त संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीमुळे जुन्या शहरातले रस्ते बंद असतात.

बायकांनी एकट्याने जावं का?

पेठांमध्ये सकाळी बिनधास्त. गल्ल्या पहाटेपासून जाग्या असतात आणि ओट्यावर कोणीतरी बसलेलं असतंच. एमआयडीसी आणि होटगीचा रस्ता मात्र सुट्टीच्या दिवशी दुपारी ओस पडतो, तिथे दोघी-तिघींनी जाणं बरं. हा सल्ला पुरुषांनाही लागू आहे, कारण तिथली कुत्री बाई-माणूस बघत नाहीत. कुत्रं मागे लागलं तर उतरून सायकल मधे धरा आणि चालत राहा.

खायला कुठे?

नाव सांगितलं की भांडण होतं, म्हणून सांगत नाही. सकाळी टपरीवर चहा घ्या, घरी येऊन कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही.

जाताना चादर घ्यायची आहे. खरी सोलापुरी कशी ओळखायची, आणि सायकलवर कशी आणायची?

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. चादर उलटून बघा: नक्षी विणलेली असते, छापलेली नाही, त्यामुळे मागच्या बाजूला तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. बऱ्याच चादरींत कारखान्याचं नाव काठाजवळ विणलेलंच असतं. हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे. पूर्व भागात कारखान्याला लागून असलेल्या दुकानातून घ्या, भाव थोडा कमी पडतो आणि कोणी विणली ते विचारता येतं.

आणायला कॅरिअर आणि जुन्या ट्यूबची पट्टी पुरते. दोन चादरी आडव्या बांधा, तिसरी घेतलीत तर मागचं चाक वळणावर हेलकावे खातं.